उंबऱ्यापर्यंतचं गाणं

१

माझं काम लोकांना फार सोपं वाटतं. एका बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, "बीप ऐकू आली की दाबा. अगदी बारीक आली तरी दाबा. नाही आली तर उगाच दाबू नका." एवढं सांगूनही निम्मे लोक उगाच दाबतात. नापास व्हायला कुणालाच आवडत नाही, कानाच्या परीक्षेतसुद्धा नाही.

ती खोली म्हणजे खोलीतली खोली. भिंतींना जाड मऊ अस्तर, दार तिजोरीचं असावं तसं जड, आणि मधे दुहेरी काचेची खिडकी. आत पेशंट, बाहेर मी. त्याने बटण दाबलं की माझ्या समोरच्या यंत्रावर हिरवा दिवा लागतो. हॉस्पिटलातली सगळ्यात शांत जागा माझ्या वाट्याला आली, आणि मी कोण, तर कानठळ्या बसवणाऱ्या एका रॉक बँडची भक्त. "शनिवारी गर्दीत जाऊन कान फोडून घ्यायचे आणि सोमवारी दुसऱ्यांचे तपासायचे, बरं आहे तुमचं," असं आमचे कानाचे डॉक्टर म्हणतात. भक्तीच्या बाबतीत मला लाज नाही. मी लग्न केलं नाही ते काही बँडपायी नाही, पण नातेवाइकांनी तसं ठरवून टाकलंय आणि मीही ते खोडून काढत बसले नाही.

आमचा बँड शेवटच्या दौऱ्यावर निघतोय आणि दौऱ्यातला शेवटचा कार्यक्रम आमच्याच शहरात, त्याच जुन्या मैदानावर होणार, अशी बातमी आली त्याच आठवड्यातली गोष्ट. आत एक निवृत्त पोस्टमन बसले होते. सरळमार्गी माणूस. बीप आली की दाबायचे, नाही आली की हात मांडीवर. उजवा कान झाला. डाव्याची तयारी करताना मी आवाज बंद ठेवला आणि पेन शोधायला लागले. पेन सापडलं, वर बघते तर दिवा लागत होता. लागला, विझला. लागला, लागला, विझला. काचेपलीकडे पोस्टमन डोळे मिटून बसले होते आणि त्यांचा अंगठा हलत होता.

मी यंत्र तपासलं. आवाज बंदच होता. म्हटलं, अंगठ्याला सवय लागली असेल, होतं असं. जरा वेळ नुसती बघत बसले, आणि मग लक्षात आलं की टेबलाखाली माझा पाय त्या दिव्याबरोबर ठेका धरतोय. डोक्याला कळायच्या आधी पायाला कळलं होतं. तो ‘घरचं’चा ठेका होता.

दार उघडून मी विचारलं, "काका, आत्ता काय ऐकू येत होतं?"

"बीप की," ते म्हणाले. मग जरा ओशाळले. "नाही, बीप नव्हे ती. कुणीतरी गुणगुणत होतं लांबून. मला वाटलं, तेही परीक्षेतच आहे."

२

‘घरचं’बद्दल आधी सांगायला हवं.

त्या गाण्याचं छापील नाव वेगळं आहे, आम्ही चाहते त्याला ‘घरचं’ म्हणतो. प्रत्येक कार्यक्रमात ते सगळ्यात शेवटी होतं आणि त्याला शेवट नाही. शब्द संपतात, नुसती चाल उरते, ती आम्ही गर्दीतले लोक गुणगुणायला लागतो, आणि स्टेजवरचे चौघे एकेक करून वाद्य खाली ठेवून निघून जातात. गायक सगळ्यात शेवटी. फार पूर्वी एकदा जाताजाता तो माइकमध्ये म्हणाला होता, "उरलेलं घरी जाऊन संपवा." थट्टेत म्हणाला असेल. पण भक्तांना देवाची थट्टा कधी कळली आहे? त्यांनी त्याचा नियम करून टाकला. टाळ्या वाजवायच्या नाहीत. गुणगुणत मैदानाबाहेर पडायचं, गुणगुणतच रस्त्याने चालायचं, आणि आपल्या घराच्या उंबऱ्याच्या आत पाय पडला की मगच थांबायचं. मधे एक शब्द बोलायचा नाही. "मधे बोललास तर वाटेतच राहशील," असं आमच्यात एकमेकांना चिडवायचे. बसमध्ये तिकीटसुद्धा खुणेने मागायचो आम्ही.

हे सगळं मला दादाने शिकवलं. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मला पहिल्यांदा कार्यक्रमाला घेऊन गेला तेव्हा मी चौदाची होते आणि तो एकोणीसचा. दारात, दुकानात, बसच्या पायरीवर तो मला कायम पुढे घालायचा. ‘तू हो पुढे’ हे त्याचं पालुपदच होतं. आई म्हणायची, या मुलाला कुणी धक्का मारल्याशिवाय हा आयुष्यात कुठल्या दारातून आत जायचा नाही.

त्या पहिल्या कार्यक्रमाच्या संध्याकाळी आम्ही दोघं गुणगुणत घराकडे निघालो. गॅरेजपाशी रस्ता फुटतो, तिथून आमचं घर हाकेच्या अंतरावर. तिथे त्याच्या बुटाची नाडी सुटली. तो खाली वाकला, नाडीला हात घातला आणि मला म्हणाला, "तू हो पुढे, मी आलोच."

बोलला! मी डोळे वटारून ओठांवर बोट ठेवलं. त्याने जीभ चावली, हसला, आणि पुन्हा गुणगुणायला लागला. मी पुढे चालत राहिले. मागून त्याचा आवाज येत होता, थेट आमच्या फाटकापर्यंत येत होता. मी उंबऱ्याच्या आत पाय टाकला आणि थांबले.

आईने विचारलं, "दादा कुठंय?"

"मागून येतोय," मी म्हटलं. "आलाच."

तो आला नाही. पोलीस झाले, हॉस्पिटलं झाली, त्याच्या सगळ्या मित्रांची घरं पालथी घालून झाली. गॅरेज ते फाटक एवढ्या रस्त्यात एक धडधाकट मुलगा जाईल कुठे? दोन्ही बाजूंना घरं, अंगणात माणसं बसलेली, आणि कुणीच त्याला बघितलं नव्हतं. गुणगुणणं मात्र बऱ्याच जणांनी ऐकलं होतं.

त्यानंतर बँड आमच्या शहरात कधी आला नाही. मी दुसऱ्या गावांना जाऊन त्यांचे कार्यक्रम ऐकत राहिले. लोकांना वाटायचं, जिच्या भावाचं असं झालं ती परत तिथेच कशी जाते. पण मी आणखी कुठे जाणार होते? त्याचं माझ्याकडे उरलेलं असं तेवढंच होतं.

३

पोस्टमनकाकांचं मी मनावर घेतलं नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय. कार्यक्रमाची बातमी डोक्यात घोळत होती, त्यामुळे कुठल्याही लुकलुकत्या दिव्यात मला तोच ठेका दिसला असता. पण मग एका बेकरीवालीचा दिवा तसाच लागला. मग एका वकिलांचा. मी यंत्र दुरुस्तीला दिलं. माणूस आला, पाठीमागचं झाकण उघडून सगळं बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, मशीन एकदम ठणठणीत आहे." यंत्राचं ठणठणीत असणं मला त्या दिवशी मुळीच आवडलं नाही.

पुढच्या आठवड्यात एक ट्रम्पेट वाजवणारा आला. त्याच्या कानात सारखी शिट्टी वाजायची, त्या लोकांना हा त्रास होतोच. तपासणी झाली, मी हेडफोन काढून घेतले, तर तो म्हणाला, "कोण आहे हो तो? दम जबरदस्त आहे."

"कोणाचा?"

"गुणगुणणाऱ्याचा. आमच्या धंद्यात आधी दम बघतात. मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो, कुठे श्वास घेतोय ते. घेतच नाही." त्याने कौतुकाने मान हलवली. "कुठली रेकॉर्ड आहे?"

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. तो गेल्यावर मी बाहेरच्या बाकावर पाटी ठेवली, आत जाऊन बसले आणि ते जड दार ओढून घेतलं.

इतकी वर्षं मी त्या खोलीत माणसं बसवली, पण स्वतः अशी कधी बसले नव्हते. दार लागलं की कानांवर उशी दाबल्यासारखं होतं. आधी काहीच नाही. मग आपलंच सगळं ऐकू यायला लागतं, पोटातली गुडगुड, मानेतली नस, नाकातला वारा. त्या सगळ्याच्या खाली काहीतरी होतं. मी श्वास रोखून धरला. माझे आवाज थांबले आणि ते थांबलं नाही.

‘घरचं’ची चाल. भिंतीपलीकडून यावी तशी नव्हती, रस्त्यावरून यावी तशी होती. जवळ येत होती, एका ठिकाणी जराशी घुटमळत होती, आणि पुन्हा लांब जात होती. कुणीतरी एका वळणापर्यंत येतंय, पुढचा रस्ता ठाऊक नाही म्हणून मागे फिरतंय, परत येतंय. आवाज कोवळा होता. एकोणीस वर्षांच्या मुलाचा आवाज कसा असतो हे मी विसरून गेले होते. ट्रम्पेटवाल्याचं खरं होतं. चालीला कुठेही खंड नव्हता.

मी बाहेर आले तेव्हा डॉक्टर दारात उभे होते. म्हणाले, "काय हो, तुम्हीच पेशंट?" मी हसले. हात एप्रनच्या खिशात घातले.

४

आईला ऐकू येत नाही. गावभरचे कान तपासणारीच्या घरात ही स्थिती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिच्यासाठी मी चांगल्यातलं चांगलं यंत्र आणलं, ते ड्रॉवरमध्ये पडून आहे. किती समजावलं, पालथ्या घड्यावर पाणी. "ऐकण्यासारखं काही असलं की घालीन," असं तिचं उत्तर. मग मी ओरडून बोलायचं आणि तिने तिला हवं तेवढंच ऐकायचं, असा आमचा संसार.

तिची दुसरी खोड म्हणजे कडी. आमच्या पुढच्या दाराला त्या संध्याकाळपासून रात्रभर आतून कडी राहिलेली नाही. बाबा होते तोवर ते रोज कडी लावायचे आणि ते झोपले की आई उठून काढायची. दोघांनी यावरून भांडणसुद्धा केलं नाही कधी. बाबा गेल्यावर मी एकदा म्हटलं, "आई, चोर शिरेल गं." ती म्हणाली, "एक जण बाहेर असताना कडी लावतात का? तुला बाहेर ठेवून लावली असती का मी?"

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी तयार होत होते. जुना काळा टीशर्ट, त्यावर चौघांची चित्रं, धुऊन धुऊन ड्रमरचं तोंड पार गेलेलं. या वयात तो घालून बाहेर पडायला धाडस लागतं. आई आरशात माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"ते यंत्र दे गं मला," ती म्हणाली.

मला आनंदाने काय करू असं झालं. यंत्र काढलं, तिच्या कानात नीट बसवलं, आवाज जुळवला. "ऐकू येतंय का? आई? कसं वाटतंय?"

तिने हाताने मला गप्प केलं. मान जराशी तिरकी करून ती दाराकडे तोंड करून उभी राहिली. कानोसा घेत होती. बाहेर दुपारचा रस्ता ओस होता. एक सायकलसुद्धा नव्हती.

"हं," ती म्हणाली. "अजून लांब आहे."

मी विचारलं नाही काय लांब आहे ते. विचारायला हवं होतं असंही आता वाटत नाही. तिने माझ्या टीशर्टची बाही सरळ केली आणि म्हणाली, "तू जाऊन ये. मी जेवायची थांबते."

५

मैदानाच्या दारात बेसुऱ्या उभा होता. हा दादाचा वर्गमित्र, लिफ्ट दुरुस्त करतो. एवढ्या भक्तीनंतरही त्याला एक ओळ सुरात म्हणता येत नाही म्हणून दादानेच त्याचं हे नाव ठेवलं होतं, आणि आता त्याची बायकोसुद्धा त्याला तेच म्हणते. दर कार्यक्रमाला आम्ही दोघं बरोबर असतो. दादाचं नाव काढत नाही, पण तिकिटं काढताना तो नेहमी कडेच्या खुर्च्या घेतो, शेजारी कुणी नको म्हणून.

"चार वाजताचा कार्यक्रम," तो म्हणाला. "रॉक बँड आहे की महिला मंडळ?"

"म्हातारे झालेत. लवकर झोपायचं असतं त्यांना."

"आपल्यालाही," तो म्हणाला आणि माझ्या हातात कापसाचे बोळे ठेवले. मीच त्याला ही सवय लावली होती.

चौघे स्टेजवर आले तेव्हा मला रडू आलं. गिटारवाल्याला खुर्ची दिली होती. ड्रमरचे केस पांढरेशुभ्र. गायकाचा आवाज वरच्या पट्टीत चिरकायचा, आणि तिथे तो सरळ माइक आमच्याकडे करायचा, मग तो सूर आम्ही लावायचो. हजारो माणसं म्हाताऱ्याला हात धरून रस्ता ओलांडून नेत होती. बेसुऱ्या गळ्याच्या शिरा ताणून गात होता आणि मी त्याला एकदाही कोपर मारलं नाही.

उन्हं कलली तेव्हा गायक पुढे आला. म्हणाला, "आता ‘घरचं’." मैदान एकदम चिडीचूप झालं. "तुम्ही याला घरचं म्हणता हे आम्हाला माहीत आहे. इतकी वर्षं आम्ही ते अर्धं टाकून पळालो. आज पूर्ण करणार आहोत. आज सगळ्यांनी इथेच थांबायचं. घरी शांतपणे जायचं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत.

मी शिकलेली बाई आहे. दादा त्या चालीत कुठेतरी अडकून पडलाय, असं मी कुणापुढे म्हटलं नसतं. स्वतःपुढेही म्हटलं नव्हतं. पण त्या खोलीत बसून मी जे ऐकलं होतं, ते गॅरेजच्या वळणापर्यंत येऊन परत फिरणारं काहीतरी होतं. त्याला घर दाखवायला कुणीतरी पुढे गुणगुणत चालायला हवं होतं. आज या शहरात ही चाल शेवटची गुणगुणली जाणार होती. आज सगळे इथेच थांबले तर तो कुणाच्या मागे येणार?

६

चाल सुरू झाली. मी गर्दीबरोबर गुणगुणायला लागले. एवढे सगळे गुणगुणत असले की कोण कधी श्वास घेतो ते कळत नाही, एक घेतो तेव्हा दुसरा धरून ठेवतो. मी लहानपणापासून त्या आवाजात शिरून उभी राहत आले आहे, आणि तिथे मला कधीही भीती वाटली नव्हती.

मग चौघांनी एकमेकांकडे बघितलं आणि शेवटचा सूर लावला. मोठा, भरलेला, संपलेला सूर. गायकाने हात खाली आणला. सगळं मैदान थांबलं.

मी थांबले नाही.

पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं. बेसुऱ्याने रुमालाने डोळे पुसले आणि माझ्या दंडाला हात लावला. "संपलं गं," तो म्हणाला. "बस आता."

मी मान हलवली. बोलता येत नव्हतं. बोटाने स्वतःकडे दाखवलं, मग घराच्या दिशेने दाखवलं.

"अगं पण तेच म्हणाले ना, इथेच थांबा म्हणून. का वेड्यासारखं..." तो बोलत होता आणि मी ऐकत होते, त्याचं नाही. लोक टाळ्या वाजवत होते, खुर्च्या सरकत होत्या, आणि त्या सगळ्या गोंगाटात माझ्या आवाजाला दुसरा आवाज लागला होता. माझ्या उजव्या खांद्याच्या मागून. मी ओळीच्या शेवटी श्वास घेतला की तो तेवढा उघडा पडायचा. कोवळा आणि अखंड.

बेसुऱ्याने माझ्या मागे बघितलं. ओळखीचं माणूस दिसलं की आपण हात वर करतो, तसा त्याने हसून हात वर केला. आणि तो हात अर्ध्यातच राहिला. हसू तोंडावर तसंच होतं, पण डोळ्यांतून ते निघून गेलं होतं.

दर वेळी तो मला सोडायला येतो. या वेळी तो खुर्च्यांना अडखळत दोन पावलं मागे गेला. "तुम्ही..." तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने मला एकटीला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने गळ्यातला मफलर काढून माझ्या हातात कोंबला, माझ्या मागच्या कुणाला तरी द्यायला दिल्यासारखा, आणि गर्दीत दिसेनासा झाला.

७

मैदानापासून घरापर्यंतचा रस्ता मला डोळे मिटून येतो. मी चालत होते. लोक पांगले, आवाज मागे पडले, दिवे लागायला सुरुवात झाली. माझ्या चपलांचा आवाज येत होता. मागे पावलं वाजत नव्हती, नुसती चाल येत होती, आणि मधूनच जमिनीवर काहीतरी बारीक आपटल्यासारखं टिकटिक व्हायचं.

मी मागे वळून बघितलं नाही. भीती हे कारण होतं, खोटं कशाला बोलू? पण दुसरंही होतं. वळून बघितलं आणि तिथे कुणीच नसलं तर? ती भीती मोठी होती. मी सगळी कारणं काढून बघितली. कानठळ्या बसल्यावर कानात आवाज राहतो, हे मी रोज दहा जणांना सांगते. दुःखी माणसाला हवं ते ऐकू येतं, हेही मला ठाऊक आहे. मी मुद्दाम चाल हळू केली. मागचा आवाज हळू झाला. मी एक सूर चुकवला. मागून तो सूर बरोबर लागला. दादा माझी चूक नेहमी अशीच सुधारायचा, न बोलता.

गॅरेज आलं. शटर अर्धं खाली होतं, आतला माणूस हात पुसत बाहेर आला आणि माझ्याकडे बघून काहीतरी विचारायला तोंड उघडलं. मग न विचारताच आत गेला आणि शटर पूर्ण ओढून घेतलं. इथे तो आवाज घुटमळायचा, मला खोलीत ऐकू आलं होतं तसाच. घुटमळला. मी हातातला मफलर घट्ट धरला आणि आमच्या रस्त्याला वळले, जरा मोठ्याने गुणगुणत, लहान मुलाला बोलावतात तसं.

मागचा आवाज वळला. आमच्या रस्त्याला लागला.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नाक चोंदलं होतं. गुणगुणताना नाक चोंदलं की काय हाल होतात! तशातही मला हसू येत होतं. दादा, ये रे. दादा, आलंच घर.

८

दार सताड उघडं होतं. आतला दिवा उंबऱ्यावर पडला होता. आई दिसत नव्हती, पण स्वयंपाकघरातून ताटांचा आवाज येत होता.

मी पायरीवर चढले आणि बाजूला झाले. पाठ भिंतीला लावली, हाताने दार दाखवलं. तो आवाज माझ्या शेजारी येऊन थांबला. पुढे जाईना. गार नव्हतं काही, वास नव्हता. नुसतं कुणीतरी जवळ उभं असल्यासारखं होतं, आणि ती न थांबणारी चाल. मी पुन्हा हात केला. चाल तिथेच.

आणि मग मला कळलं. तो माझी वाट बघत होता. तो मला पुढे घालत होता.

मी आत गेले असते तर त्या संध्याकाळी झालं तेच परत झालं असतं. मी उंबऱ्याच्या आत, तो बाहेर, आणि आता पुढे कुणी गुणगुणणारं उरलेलं नाही. खुणेने तो ऐकणार नव्हता. दादा खुणेने कधीच ऐकत नसे, त्याला ठणकावून सांगावं लागायचं. मी नियम आठवला. मला तो कुणाहीपेक्षा जास्त पाठ आहे. आतमध्ये आईने ताट ठेवलं, त्याचा आवाज आला.

मी गुणगुणणं थांबवलं आणि म्हटलं, "तू हो पुढे. मी आलेच."

क्षणभर काही झालं नाही. मी लगेच चाल परत धरली, जिथे सोडली होती तिथून. उंबऱ्यावरच्या उजेडात एक बूट आला. त्याची नाडी सुटलेली होती. ती उंबऱ्यावर टिक करून आपटली, बुटाबरोबर आत ओढली गेली, आणि आतलं गुणगुणणं थांबलं.

"आलास?" आईचा आवाज. जोरात नाही, यंत्र नीट बसलं होतं. "किती रे वेळ लावलास. आणि ही कुठंय?"

"मागून येतेय," तो म्हणाला. "आलीच."

मी भिंतीला टेकून ते ऐकलं आणि सुखावले. उंबरा माझ्यापासून एका पावलावर होता. पाऊल टाकायचं आणि थांबायचं, बस. म्हटलं, एवढी ओळ संपू दे, एक श्वास घेते आणि आत जाते. ओळ संपली, दुसरी लागली. ती संपली, पुढची लागली. आता श्वास घ्यावा म्हणून मी जागा शोधू लागले, आणि माझ्या लक्षात आलं की बराच वेळ झाला, मी तो घेतलेलाच नाही. उंबरा अजूनही एका पावलावर होता. मी पाऊल टाकत होते.

आत दोघं जेवायला बसली. ताटं तीन मांडलेली होती, आवाजावरून मला कळतं. मग आई उठून दाराशी आली. तिने दार लोटलं, उजेडाची फट राहिली, आणि तिचा हात कडीवर गेला. बाबा गेल्यापासून न हललेली ती कडी गंजून करकरली. हात तिथेच थांबला. आईने मान तिरकी केली असणार. ती ऐकत होती.

मग तिने कडी होती तशी सोडली आणि आत गेली.